परमुलखात आजारी पडायचा भाव

आमच्या ऑफिसात येणारा माणूस जिन्यातूनच सांगतो, "घ्यायचं काही नाही हं, नुसता रेट विचारायला आलोय." आणि जाताना अख्खं घर टेबलावर मांडून जातो. पोरगा कुठं असतो, सून काय म्हणते, कुणाच्या कुठल्या गुडघ्यात पाणी झालंय, सगळं. रेट पुढच्या महिन्यात बदलतो. किस्सा मात्र आपल्याकडंच राहतो. कुठं टाकणार?

उस्मानपुऱ्यात चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. मालक काझीभाई. उमेदीची सगळी वर्षं आखातातल्या एका दवाखान्यात स्टोअरकीपर होते. परत आले आणि परदेशात राहणाऱ्यांच्या, परदेशी जाणाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं काम सुरू केलं. फॉर्म भरायला, फोन लावायला आणि कंपन्यांशी भांडायला मी. मला सगळे वंदनाताई म्हणतात.

पूर्वी हे किस्से मी हसत सांगायचे. हल्ली सांगता सांगता आवाज चढतो. नवरा म्हणतो, "अगं हळू, शेजारी ऐकतील!" ऐकू देत की. त्यांचीही पोरं बाहेरच आहेत!

*

शिंदे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. पोरगा केतन अमेरिकेत. दोन महिन्यांसाठी आईवडिलांना बोलावलं होतं. सर बाईंना घेऊन ऑफिसात आले आणि केतनला व्हिडिओ कॉल लावला.

केतन म्हणाला, "ताई, सगळ्यात खालचा प्लॅन द्या. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी म्हटलं, "सरांची अँजिओप्लास्टी झालीय. खालच्या प्लॅनमध्ये जुनं दुखणं धरत नाहीत. शिवाय डिडक्टिबल मोठं आहे."

बाईंनी विचारलं, "डिडक्टिबल म्हंजे?"

काझीभाईंनी समजावलं, "भाभी, रस्त्यात पहिला जो खड्डा लागेल तो तुम्ही भरायचा. त्याच्यापुढचा रस्ता कंपनीचा. प्लॅन जितका स्वस्त, तितका खड्डा मोठा."

"काका, काही होत नाही हो," केतन हसला. तेवढ्यात पडद्यावर एक भला मोठा कुत्रा लंगडत आला. मागच्या पायाला पट्टी.

सरांनी विचारलं, "ह्याला काय झालं रे?"

"ब्रूनोची सर्जरी झाली बाबा! पण टेन्शन नाही, सगळं इन्शुरन्समधून. वरचाच प्लॅन घेतलाय त्याचा!"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शाळेत उत्तरपत्रिका तपासताना बोलावं तसं शांतपणे म्हणाले,

"वंदनाताई, त्या फॉर्मात नातं लिहायची जागा आहे ना? तिथलं 'वडील' खोडा. 'ब्रूनो' लिहा."

केतनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संध्याकाळी त्यानं सगळ्यात वरचा प्लॅन मागवला, दोघांचाही. बाई एकट्याच गेल्या. सर गेले नाहीत.

*

जर्मनीतल्या एका पोराचा किस्सा छोटा आहे.

पोरगा इथल्या सिडकोतला, नोकरीला तिकडं. पंचवीस वर्षांचा असताना सरकारी विमा सोडून खासगीत गेला. कारण काय, तर स्वस्त! मित्रांनाही अभिमानानं सांगायचा. मग लग्न झालं, दोन लेकरं झाली. सरकारी विम्यात बिनकमाईची बायको आणि लेकरं फुकट धरली असती. खासगीत डोकं मोजून पैसे. वर प्रीमियम दर एक-दोन वर्षांनी वाढतोच आहे, आणि आता परत सरकारीत जावं म्हटलं तर दार जवळजवळ बंद.

त्यानं फोनवर नुसता धिंगाणा घातला. "फसवलं मला! किती स्वस्त होता हो तेव्हा!"

काझीभाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"बेटा, विमा स्वस्त नव्हता. तू स्वस्त होतास!"

*

वर्षातून एकदा कंपनीचा कुणीतरी साहेब आम्हाला ट्रेनिंग द्यायला येतो. हॉटेलचा हॉल, थंडगार एसी, पनीरचं जेवण. मागच्या खेपेचा साहेब तरुण होता. सूट असा, की बसताना त्यालाच भीती वाटत होती.

म्हणाला, "फ्रेंड्स, परदेशातला कस्टमर घाबरलेला असतो. तीच तुमची संधी! त्याला अटी वाचायला वेळ देऊ नका. वाचणारा कस्टमर घेत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं. पॉलिसीचं पुस्तक पर्समध्ये होतंच. उठले आणि बारीक अक्षरातलं एक कलम मोठ्यानं वाचायला लागले. अर्धं पान लांब एकच वाक्य! ते संपेपर्यंत मला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"साहेब, ह्याचा अर्थ सांगा."

साहेबानं पुस्तक हातात घेतलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग हसून म्हणाला, "मॅडम, मला हे माहीत असायची गरज नाही. मी सेल्समध्ये आहे."

मी म्हटलं, "आणि मी उस्मानपुऱ्यात आहे. माझा कस्टमर संध्याकाळी भाजी घेताना भेटतो मला!"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पनीर मात्र मी खाऊन आले. का सोडू?

*

शहागंजात कपड्याचं दुकान असलेले एक शेठ आहेत. त्यांचा भाऊ मस्कतला राहतो. भावासाठी चांगला विमा बघायला आले. काझीभाईंनी दोन आकडे कागदावर लिहून पुढं सरकवले. एक होता दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट.

शेठ म्हणाले, "दोन्हींत फरक काय?"

"एकात अख्खी दुनिया. दुसऱ्यात अमेरिका सोडून अख्खी दुनिया."

शेठनी कागद वर-खाली करून बघितला. दिवसभर लोकांशी घासाघीस करणारा माणूस. "एवढे देश एकीकडं, आणि एकटी अमेरिका एकीकडं? तिथं असले कोणते आजार होतेत हो?"

काझीभाई म्हणाले, "आजार वही है शेठ. बिल अलग है."

शेठनी कागद परत सरकवला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक मला म्हणतं, काठ काढून साडी कितीला देता? मी हाकलून देतो त्याला. हितं काठाचेच पैसे सगळ्यात जास्त व्हय!"

भावाचा विमा त्यांनी अमेरिका सोडून घेतला. जिना उतरताना मात्र बडबडत गेले, "पोरगी अमेरिकेत देताना आता हेबी बघावं लागंल..."

*

सोपान अजिंठ्याकडचा. घरी मेंढरं. बाप अजून मेंढरांमागं रानोमाळ फिरतो. सोपान बारावीनंतर आखातात बांधकामावर गेला. पाठवणाऱ्या एजंटानं सांगितलं होतं, विमा कंपनीचा, तुला एक रुपया लागणार नाही.

तिथला कायदाही तसाच. कामगाराचा विमा मालकानं भरायचा. पण पहिल्या पगारातच कापाकापी! विचारलं तर म्हणे, "कार्डाचे पैसे."

बरं, कार्ड तरी कामाचं? एका दुपारी सोपानच्या पोटात अशी कळ उठली, की तो फरशीवर आडवा झाला. मुतखडा. कामगार राहतात त्या कॅम्पसमोर रस्त्यापलीकडं चकचकीत हॉस्पिटल. तिथं कार्ड चालत नव्हतं. ज्या दवाखान्यात चालतं तो दुसऱ्या गावात. भर उन्हात, पोट धरून, दोन बस बदलून गेला. एका बसमध्ये उलटी झाली म्हणून खाली उतरवला.

सुट्टीवर आला तेव्हा ते कार्ड घेऊन आमच्याकडं आला. काझीभाईंनी उलटसुलट करून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यात खालच्या दर्जाचं कार्ड. त्यांनी तिथल्या तिथं एजंटाला फोन लावला, स्पीकरवर.

एजंट म्हणाला, "काझीभाई, तुमीबी काय! कार्ड दिलंय ना पोराला? विमा हाय मंजी हाय."

सोपान तोवर खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसलेला. फोनकडं वाकला आणि म्हणाला,

"सायेब, आमच्या मेंढरांला लस टोचायला सरकारी डाक्टर रानात येतो. आन मेंढरापाशी तर कार्डबी नसतंय!"

एजंटानं फोन ठेवला. काझीभाईंनी ठेवला नाही. म्हणजे विषय सोडला नाही! तिथल्या कामगार खात्याला अरबीत अर्ज लिहिला. एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला उत्तर आलं. कापलेले पैसे परत मिळाले. सोपान आता दुसऱ्या कंपनीत आहे. नोकरीचं बोलणं चालू झालं की पगार नंतर विचारतो. आधी विचारतो, "दवाखाना किती लांब हाय?"

*

मंदाकाकूंचा किस्सा सांगताना मला अजून दोघींचा राग येतो. एक त्यांचा, एक माझा.

काकू लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला निघालेल्या. मी फॉर्म भरत होते. "काकू, बीपी?" "नाही." "शुगर?" "छे! आमच्या घराण्यात नाही." तेवढ्यात खालून चहा आला. काकूंनी कप तोंडाला लावला आणि चटकन खाली ठेवला.

"अगं बाई, साखरेचा आहे हा! मला बिनसाखरेचा सांग."

मी पेन खाली ठेवलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लेक म्हणाली, लिहू नको. लिहिलं की प्रीमियम वाढतो."

मी समजावलं. हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, लिहा, थोडे जास्त जातील, पण वेळेला उभं राहता येईल. त्या चिडल्या. "तुला कमिशन जास्त हवंय, दुसरं काय!" आणि पर्स उचलून गेल्या. मीही चिडले. बारा वर्षं ह्या खुर्चीत बसून हे ऐकायचं? म्हटलं, जाऊ दे, मसणात जाऊ दे. दुसऱ्या एका एजंटानं त्यांचा फॉर्म सगळीकडं 'नाही' लिहून दहा मिनिटांत भरून दिला.

तिकडं काकूंच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात भरती. क्लेम गेला आणि नाकारला गेला. शुगर लपवली म्हणून. लेकीनं आणि जावयानं बाळाच्या खोलीसाठी ठेवलेलं सगळं त्या बिलात घातलं.

परत आल्यावर काकू स्वतःहून ऑफिसात आल्या. अर्ध्या झालेल्या. मी बिनसाखरेचा चहा सांगितला. त्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाल्या,

"वंदना, मी खोटं लिहिलेलं त्यांनी एका दिवसात शोधून काढलं. पोटात काय होतंय ते शोधायला मात्र चार दिवस लागले त्यांना!"

त्या दिवशी मी त्यांच्या मागं जिन्यापर्यंत जायला हवं होतं. गेले नाही. रागावले होते ना!

*

आता संगीताचं सांगते.

संगीता फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातली. घरची थोडी शेती. नवरा रामदास रंगकामाला आखातात गेलेला. एका सकाळी परांचीवरून खाली पडला. मणक्याला मार. तिथं ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण विम्याची जी मर्यादा होती ती संपली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण आडवं झोपवून न्यावं लागेल, सोबत नर्स लागेल. म्हणजे विमानात बऱ्याच सीटा काढून स्ट्रेचर.

पॉलिसी इथल्याच एका एजंटाकडून घेतलेली, आमच्याकडून नव्हे. संगीता ती घडी घातलेली कागदं घेऊन आली.

"ताई, एवढंच बगा. ह्यात त्याइला घरी आणायचं लिव्हलंय का?"

मी पानं उलटली. एका ठिकाणी थांबले आणि न वाचता पुढं गेले. पण संगीता बारावी शिकलेली. तिनं माझा हात धरला, पान मागं घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

मला सांगावं लागलं. "मृतदेह मायदेशी आणायचा खर्च. पूर्ण."

"मंजी मेल्यावर आणतेत?"

"हो."

"आन जिता?"

मी कंपनीला फोन लावला. होल्डवर बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, वो तो ऐड-ऑन है. इस पॉलिसी में लिया नहीं गया." वेगळे थोडे पैसे भरून घ्यायची ती जोड एजंटानं सांगितलीच नव्हती. प्रीमियम कमी दिसावा म्हणून!

काझीभाई आवाज चढवणाऱ्यांतले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा चढवला. "कितने का था वो ऐड-ऑन? बताओ!"

मुलीनं आकडा सांगितला. मी तो इथं सांगत नाही, मला लाज वाटते. आमच्या ऑफिसात महिन्याला तेवढ्याचा चहा होतो.

काझीभाईंनी तिकडच्या सगळ्या जुन्या ओळखी जाग्या केल्या. कुणी वकिलातीत खेपा घातल्या, कुणी दवाखान्यात बसून राहिलं. रामदासच्या कॅम्पातल्या पोरांनी, त्यात नेपाळी होती, केरळची होती, बिहारची होती, आपापसांत वर्गणी काढली. संगीता रोज सकाळच्या बसनं यायची, आमच्या बाकावर बसायची आणि फोन वाजला की उभी राहायची. दीड महिन्यानं रामदास मुंबईला उतरला. तिथून अँब्युलन्सनं इथल्या सरकारी दवाखान्यात. आता वॉकर धरून अंगणात दोन फेऱ्या मारतो. डाव्या पायात अजून जान नाही.

परवा संगीता त्या एजंटाविरुद्धच्या तक्रारीवर सही करायला आली होती. सही करतानाच तिचा मोबाईल वाजला. पॉलिसीत वारस म्हणून तिचाच नंबर दिलेला. फोन जुना, त्याचा आवाज खोलीभर ऐकू येतो.

"नमस्कार मॅडम! रामदासजींच्या पॉलिसीची मुदत ह्या महिन्यात संपतेय. आत्ता रिन्यू केली तर खास सवलत आहे. सर आहेत का बोलायला?"

संगीतानं पेन टेबलावर ठेवलं.

"हायेत. पर जिते हायेत. तुमच्या काही कामाचे नायत."